एकच रांग

आत्मकथन लिहायला केस पिकावे लागतात असा आपल्याकडे समज आहे. माझे अजून काळे आहेत. पण ज्या दिवसांबद्दल मला सांगायचंय ते दिवस आत्ताच इतके सोयीने सांगितले जाऊ लागलेत, की आणखी वाट पाहिली तर माझ्याच घरात काय झालं ते मला परक्या माणसाकडून ऐकावं लागेल. ब्रिटनने युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं हे गोऱ्या लोकांचं आपसातलं भांडण होतं, आपण कडेला उभे होतो, असं आपलीच माणसं आता चहा पिता पिता म्हणतात. साफ खोटं आहे. ते भांडण आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मराठीत, मटाराच्या शेंगा सोलता सोलता झालं, आणि त्यात माझा बाप एका बाजूला होता आणि मी दुसऱ्या.

आमचं घर लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखाली. विटांच्या एकसारख्या घरांची ओळ, त्यातलं मधलं. आमच्याकडे बोलण्याची एक चाल होती: विमान आलं की वाक्य अर्ध्यावर थांबवायचं, कप हातात तसाच धरायचा, आणि विमान पुढे गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करायचं. रागातसुद्धा. आई मला रागावत असताना विमान आलं तर तिचं रोखलेलं बोट हवेतच थांबे, आणि तेवढ्यात मला हसू फुटे. नागपूरला राहणाऱ्या आत्यालाही फोनवरून हे पाठ झालं होतं. पलीकडून ती म्हणे, "जाऊ दे तुमचं विमान, मग सांग." आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आजी फार लवकर गेली. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या आत्यानेच पप्पांना वाढवलं, कॉलेजात घातलं, इंग्लंडच्या विमानात बसवून दिलं, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं.

वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. इंग्रज त्यात टॉवेल वाळवतात. आई त्यात मुगवड्या वाळवायची. नागपूरचं ऊन इथे कुठून आणायचं, म्हणून जुन्या साडीच्या तुकड्यावर वड्या घालून ती साडी टाकीवर पसरायची आणि आम्हाला ताकीद द्यायची, दार उघडं टाकाल तर याद राखा. शाळेचा युनिफॉर्मही त्याच कपाटात असल्यामुळे माझ्या लोकरी जंपरला कायम जिऱ्या-हिंगाचा वास. शाळेत एका मुलीने नाकाला रुमाल लावला होता. मी तिला सांगितलं, हा वास माझा नाही, माझ्या टाकीचा आहे. उत्तर तयार ठेवायचं शिक्षण मला घरातच मिळालेलं होतं.

ते असं. पप्पा ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते, पण तो फक्त पोटाचा धंदा. त्यांचा खरा धंदा पत्रकं काढायचा. नागपुरात विद्यार्थी असताना वस्तीत सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढून सकाळी नळाच्या रांगेत वाटायची, तिथून लागलेली ही सवय. इथेही आमच्या बौद्ध मंडळाची जयंती असो, कौन्सिलने हॉलचं भाडं वाढवलेलं असो, नाहीतर लग्नात जातीची चौकशी करणाऱ्या कुणाचा समाचार घ्यायचा असो, पप्पांचं पत्रक निघायचंच. बाकीच्यांच्या मुली बाराखडी गिरवून मराठी शिकल्या, मी पत्रकांच्या घड्या घालून शिकले. घडी घालायची, स्टीलच्या चमच्याची पाठ तिच्यावरून फिरवायची, की कागद सुरीसारखा बसतो. घालता घालता वाचायची, आणि पप्पा विचारायचे, "कुठे अडकली?" जिथे मी अडकायची तिथे ते शब्द बदलायचे. पहिल्या ओळीला चालणारा माणूस थांबला पाहिजे. दुसरीत त्याला स्वतःचं घर दिसलं पाहिजे. शिवी द्यायची नाही, कारण शिवी दिली की वाचणारा समोरच्याच्या बाजूने होतो. हा शेवटचा नियम मला कधी पाळता आला नाही. आजही माझं पत्रक आमच्या ऑफिसात दुसरं कुणीतरी तपासतं, त्यातले 'निर्लज्ज' मोजून काढतं.

भिंतीपलीकडे दानुता राहायची. पोलंडची, आईच्या वयाची, नवरा कधीचाच गेलेला. दोघी एकाच ठिकाणी कामाला होत्या, विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या किचनमध्ये. पहाटेच्या शिफ्टला एकाच बसने जायच्या. त्यांचं इंग्रजी दोघींचं मिळून एक होतं. एकीला जो शब्द येत नसे तो दुसरीला येई. आई 'दोब्जे', म्हणजे 'बरं', म्हणायला शिकली होती, दानुता 'चल, चल'. दानुताने आंबवलेल्या काकड्यांची बरणी आमच्याकडे यायची, आणि पप्पा ती काकडी झुणका-भाकरीबरोबर खाऊन म्हणायचे, "हे लोक आपल्या विदर्भातलेच असले पाहिजे, वाट चुकले." आमचा बॉयलर बंद पडला की आम्ही तिच्याकडे अंघोळीला, तिचा बंद पडला की पप्पा स्पॅनर घेऊन तिच्याकडे.

मी कॉलेजात गेले त्या सुमारास आत्या बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती भिंतीला धरून चालायला लागली. पप्पांनी तिला इथे आणायचं ठरवलं. अर्ज केला, सगळे कागद जोडले, आणि नकार आला. कारण असं दिलं होतं, की नागपुरात पैसे देऊन मदतनीस मिळते, तेव्हा भावाची आवश्यकता सिद्ध होत नाही. पप्पांनी ते वाक्य आईला मराठीत करून सांगितलं. आई म्हणाली, "भावाची आवश्यकता कुठे सिद्ध करतात म्हणे?" 

त्याच वर्षी आम्ही आत्याला भेटून परत आलो तेव्हा विमानतळावर दोन रांगा होत्या. एक आमची, वळणं घेत घेत मागच्या भिंतीपर्यंत गेलेली. दुसरी युरोपवाल्यांची, सरळ. तिच्यातून योगायोगाने दानुता आली, गावाहून परतत होती. हात हलवला, पासपोर्ट दाखवला आणि बाहेर. तिने बाहेर आमच्यासाठी थांबून कॉफ्या घेतल्या, आणि आम्ही तिच्यापर्यंत पोचलो तोवर त्या गार झाल्या होत्या. पप्पा तिची कॉफी गोड मानून प्यायले. पण त्या रांगेत उभं असताना त्यांचं तोंड मी पाहिलं होतं. रांग ही गोष्ट आमच्या घराण्यात साधी नाही. कुणाला विहिरीवर वेगळं उभं केलं होतं, कुणाला शाळेत. तो इतिहास पप्पांच्या अंगात आहे.

म्हणून मतदान जाहीर झालं तेव्हा त्यांनी पत्रक लिहायला घेतलं, त्याचं नाव 'एकच रांग'. युरोपच्या माणसाला मोकळं दार आणि आपल्या माणसाला बंद दार हा भेदभाव आहे. बाहेर पडलो तर सगळ्या जगाला एकच कायदा लागू होईल, आणि मग आपली माणसं आणता येतील. शेवटची ओळ: 'ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांना आपल्याजवळ म्हातारं होता यावं.' मी घडी घालत नव्हते, पण वाचलं, आणि कुठे अडकले नाही. तेच वाईट होतं.

"पप्पा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सभेत सांगितलं. ते मोठे लोक आले नव्हते का परवा, टाय लावून? गुरुद्वारात बोलले, मंदिरात बोलले, आपल्या हॉलमध्येही बोलले."

"आणि दुसऱ्या गावात जाऊन तेच लोक सांगतायत की बाहेर पडलो की बाहेरून येणारी माणसं कमी होतील. मी ऐकलंय. ते काय फक्त युरोपवाल्यांबद्दल बोलतायत का? कमी म्हणजे आपणच, पप्पा!"

"तू काऊन ओरडून राहिली? मी बहिरा नाही."

"तुम्हाला फसवतायत."

"मला चाळीस वर्षं सगळेच फसवून राहिले. त्यातल्या एकाने तरी ताईचं नाव काढलं." मग विमान आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत गप्प राहिलो. ते गेल्यावर कुणीच पुढचं वाक्य बोललं नाही. आमच्या घरात असं पहिल्यांदा झालं.

मीही पत्रक काढलं. टेबलाच्या एका टोकाला त्यांचा गठ्ठा, दुसऱ्या टोकाला माझा, मध्ये आईचं शेंगांचं ताट. आई म्हणायची, "कोणाच्याही कागदावर टरफलं टाकीन हं मी, माझा पक्ष नाही." तिला वाटत होतं की आपल्याला यात मतच नाही. आमचे पासपोर्ट भारताचे. ज्या घटनेने आपल्याला माणूस केलं तिचा पासपोर्ट मी कपाटात टाकणार नाही, असं पप्पांचं म्हणणं, आणि आम्ही ते मानलेलं. त्यामुळे तिच्या नावाचं मतदानाचं कार्ड दारातून आत पडलं तेव्हा आईने ते चुकून आलंय समजून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि दानुताला म्हणाली, तुमचं येईल एकदोन दिवसांत. दानुताचं आलंच नाही. कौन्सिलच्या निवडणुकीला तिचं कार्ड दरवेळी येई. शेवटी मीच चौकशी केली. कॉमनवेल्थचे म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना मत होतं. युरोपातून आलेल्या दानुताला, जिच्याबद्दल हे सगळं चाललं होतं, तिला नव्हतं.

दानुताला मी हे सांगितलं तेव्हा ती कुंपणापाशी टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती. तिने आईकडे बघितलं आणि इतकी हसली की काठी हातातून पडली. "शीला! यू व्होट, आय नो व्होट. फनी कंट्री!" आईला हसू आलं नाही. ती घरात आली आणि ड्रॉवरमधून कार्ड काढून देव्हारा असावा तशा आमच्या तथागताच्या मूर्तीच्या फळीवर ठेवलं. जबाबदारी आली की ती वस्तू तिथे जायची.

आता मंडळाचं सांगते. आमच्या मंडळात रविवारी वंदना झाली की अभ्यासवर्ग असे, आणि त्याची एक रीत होती, पप्पांनीच पाडलेली. एखाद्या प्रश्नावर दोन मतं असली, तर ज्याने त्याने आपली बाजू मांडायची नाही, समोरच्याची मांडायची. ती समोरच्याला पटेल इतकी चांगली मांडली नाही तर खाली बसायचं. नवीन आलेल्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांना हे विचित्र वाटे, पण त्यांनाही पुढे चव लागली. मतदानाच्या आधीच्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष ढोके काका उभे राहिले आणि म्हणाले, "बापलेकीचीच जोडी लावू. बाकीच्यांनी ऐकायचं." हॉल भरलेला. वॉटफर्डहूनसुद्धा लोक आले होते. मागच्या बाजूला चहाच्या टेबलापाशी आई, आणि तिच्याबरोबर दानुता; त्या दिवशीच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळायला तीच मदतीला आली होती. तिला मराठीचा एक शब्द कळत नव्हता.

पहिले पप्पा. त्यांना 'राहा' म्हणायचं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "जय भीम. माझ्या घराला जी भिंत आहे ती अर्धी माझी आणि अर्धी माझ्या शेजारणीची आहे. येत्या गुरुवारी त्या भिंतीचं काय करायचं हे मला विचारणार आहेत. तिला विचारणार नाहीत." हॉलमध्ये चमच्याचा आवाज थांबला. "आपल्यावर कायदे झाले आणि आपल्याला विचारलं नाही, हे आपल्या आजोबांनी भोगलं. आज न विचारण्यात मी सामील आहे. तर ज्याला विचारलेलं नाही त्याचं नुकसान होईल असं मत मी देऊ नये, एवढंच या बाजूचं म्हणणं आहे. यापुढे बाजारभाव, व्यापार, सगळं गौण." आणि खाली बसले. मी जे पत्रकात दोन पानांत लिहिलं होतं ते याने पाच-सात वाक्यांत केलं, माझ्या बापाने, न पटणाऱ्या बाजूसाठी. मला अभिमान वाटला की राग आला ते आजही ठरवता येत नाही.

मग मी. मला 'बाहेर पडा' म्हणायचं होतं. मी कायद्याने सुरुवात केली, ती जमेना. ढोके काकांनी चष्मा वर केला. खाली बसवणार हे दिसत होतं. मग मी आत्याबद्दल बोलले. ती फळा पुसायला मुलांना सांगायची नाही, स्वतः पुसायची, त्याबद्दल बोलले. पडल्यानंतर ती किती वेळ तशीच फरशीवर होती, आणि शेजारची दूधवाली आली तेव्हा आत्या आधी तिला म्हणाली, 'दूध नासेल, फ्रिजमध्ये ठेव,' त्याबद्दल. भावाची आवश्यकता सिद्ध होत नाही, हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज इतका चढला की लहान मुलं घाबरली. मी पप्पांकडे बघत नव्हते, पण ते समोरच्या रांगेत होते आणि त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते.

टाळ्या झाल्या. मेश्राम काकू, आमच्यात सगळ्यात वयस्कर, जवळ आल्या, पदराने डोळे पुसत. "पोरी, रडवलं ना तू. मी तर तुझं ते राहायचं पत्रक वाचून राहायचंच ठरवलं होतं. आता नाही गं. आता मी बाहेर पडायलाच मत देणार."

"काकू, ती माझी बाजू नव्हती! ती रीत आहे आपली!"

"असू दे. खरं होतं ते."

मी परत आले तर दानुता पप्पांना विचारत होती, काय बोललात, सगळे माझ्याकडे का बघत होते. पप्पांनी तिला इंग्रजीत सांगितलं, भिंतीपासून सगळं. ती म्हणाली, "गुड स्पीच. सो यू व्होट स्टे?" पप्पा म्हणाले, "नो, दानुता. माय सिस्टर." तिने मान हलवली आणि तळणीतून वडी काढून त्यांच्या ताटात घातली. घरी जाताना गाडीत आई म्हणाली, "दोघं एकमेकांचंच बोलून आले. आता घरी तरी आपापलं बोला."

आई कुणाला मत देणार हे तिने लपवलं नाही. "मी दानुताचं देणार. तुमच्या बहिणीसाठी मी जीव देईन, मत नाही देणार, कारण त्या टायवाल्यांवर माझा विश्वास नाही." पप्पा म्हणाले, "मत तुझं आहे, शीला." एका घरातून तीन मतं गेली, आणि त्यात पप्पांचं एकट्याचं जिंकलं.

निकालाच्या दिवशी पहाटे आई आणि दानुता नेहमीसारख्या बसस्टॉपवर होत्या. एका गाडीतून कुणीतरी काच खाली करून ओरडलं, "गो होम!" गाडी गेली. दानुता आईला म्हणाली, सॉरी, माझ्यामुळे तुला ऐकावं लागलं. आई म्हणाली, अगं, तो मला म्हणाला. दोघींचा त्यावर वाद झाला, बस येईपर्यंत, की शिवी नेमकी कुणाला होती. आईने घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भडकले, पप्पा मात्र दुसऱ्या पहाटे कोट घालून उभे राहिले आणि त्या दिवसापासून पुढचे कितीतरी दिवस दोघींना पहाटे गाडीने सोडायला जाऊ लागले. कामावर उशीर व्हायचा, साहेब बोलायचा. 

आता पुढचं, आणि हे मी शांतपणे लिहू शकत नाही. वर्षं गेली. देश बाहेर पडला. नवे नियम आले आणि पप्पांचं म्हणणं एका अर्थाने खरं झालं: युरोपची सरळ रांग मोडली. आमची मात्र सरळ झाली नाही. म्हाताऱ्यांच्या देखभालीला माणसं हवी होती, म्हणून आपल्याकडच्या मुलींना बोलावण्यात आलं, विमानं भरभरून. मी काम करते त्या सल्लाकेंद्रात त्या रोज येतात, एजंटने नागवलेल्या, एका खोलीत चौघी राहणाऱ्या. म्हणजे परक्या म्हाताऱ्याला भरवायला नागपूरची मुलगी चालते. नागपूरच्या म्हातारीला भरवायला तिचा स्वतःचा भाऊ इथे, पण ती चालत नाही. पप्पांनी पुन्हा अर्ज केला. पुन्हा नकार आला, आणि या वेळचं कारण वाचायला त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही, मला दिलं. मी वाचलं. तेच होतं, वेगळ्या शब्दांत.

मी त्यांना ऐकवायला तोंड उघडलं होतं. 'सांगितलं होतं ना मी' हे इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं वाक्य होतं. ते म्हणाले, "मी जातो मग."

"कुठे?"

"ताईकडे. तिला येता येत नसेल तर मी जातो. आता ती भिंतीला धरूनही चालत नाही."

"पप्पा, जास्त दिवस बाहेर राहिलात तर इथला राहायचा हक्क जाईल तुमचा."

"माहीत आहे. मी वाचतो ना नियम." आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिला हे आधीच माहीत असणार, कारण तिने काहीच विचारलं नाही, फक्त गॅस बारीक केला. ती निवृत्त होईपर्यंत इथे राहणार आणि मग तिकडे जाणार, असं त्यांचं दोघांचं ठरलं होतं.

जाण्याआधीच्या शनिवारी पप्पांनी एक छोटं पत्रक लिहिलं. 'मी तुम्हाला लिहून दिलं होतं की आपली माणसं आणता येतील. तसं झालं नाही. ते चूक होतं.' खाली नाव. ते घेऊन ज्या ज्या घरी 'एकच रांग' दिलं होतं तिथे ते स्वतः निघाले, आणि मला म्हणाले, गाडी चालव. मी म्हटलं, पप्पा, हे कुणीच करत नाही, पंतप्रधान करत नाहीत. ते म्हणाले, "त्यांना परत त्या दारात जायचं नसते."

मेश्राम काकूंनी पत्रक वाचलं आणि परत दिलं. "तुमचं पत्रक वाचून कुठे मत दिलं मी? पोरीचं भाषण ऐकून दिलं." पप्पा माझ्याकडे बघून इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. एका घरात एक तरुण इंजिनीअर म्हणाला, काका, मी तेव्हा या देशातच नव्हतो. एकाने विचारलं, मग आता काय, मतदान परत घेतात का? एका दारात पप्पांना चहाला बसवलं आणि कुणी त्या विषयावर बोललंच नाही. ढोके काका मात्र पत्रक हातात घेऊन दारातच उभे राहिले, आणि शेवटी म्हणाले, "रमेश, तू गेल्यावर उलटी बाजू कोण घेईल?"

परतलो तेव्हा पप्पांच्या हातात पत्रकाची एक प्रत उरली होती. ते आमच्या दाराशी न येता दानुताच्या दाराशी गेले. मी म्हटलं, तिला तर आपण दिलंच नव्हतं. "तेच ना," ते म्हणाले. "तिला मत नव्हतं, म्हणून मी दारच वाजवलं नाही."

दानुताने दार उघडलं. पप्पांनी मराठी कागद तिच्यापुढे धरून ओळ न ओळ इंग्रजीत करून सांगितली. तिने पूर्ण ऐकलं. तिला राहायची परवानगी मिळून बराच काळ झाला होता. तिने विचारलं, "युवर सिस्टर?" पप्पा म्हणाले, "आय ॲम गोइंग टू हर." ती "वेट" म्हणून आत गेली, जिन्याखालच्या कपाटात बराच वेळ खडबड करत राहिली, आणि एक मोठी निळी सूटकेस बाहेर ओढून आणली. कोरी करकरीत. हँडलला दुकानाचं लेबल तसंच होतं.

तिने सांगितलं की निकाल लागला त्याच आठवड्यात तिने ती विकत घेतली होती. कधीही निघायला सांगतील असं वाटत होतं. रात्री तिच्यात काय काय भरायचं ते मनात ठरवून झोपायची. "नाऊ आय स्टे," ती म्हणाली. "यू टेक. गुड व्हील्स."

  पप्पांनी सूटकेस घेतली, फाटकापर्यंत ओढत नेली, आणि मग, चाकं इतकी चांगली असतानाही, ती उचलून दोन्ही हातांत धरली. मी पुढे होऊन दुसऱ्या बाजूचं हँडल धरलं, आणि आम्ही ती आमच्या दारातून आत आणली.